जंगलाचा कार्बन: मोजायचा कसा आणि कशासाठी



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत ते शिक्षक होते. शिक्षकाच्या स्मृतीला थोडी आकडेमोड वाहिली तर वावगं ठरणार नाही, या भरवशावर मी आजचा विषय निवडला. जंगल हवेतून किती कार्बन घेतं, किती परत सोडतं, हे मोजतात कसं, आणि त्या मोजणीतून पनवेलसारख्या शहराने काय घ्यावं, एवढंच मला बोलायचं आहे.

हा विषय पनवेलात मांडायला कारण आहे. इथल्या माणसाचं जंगलाशी नातं जुनं आणि भांडणाचंही आहे. 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरच्या अक्कादेवी डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसं गेली. जंगल कोणाचं, हा तेव्हाचा प्रश्न होता. तो पुरता सुटलेला नाही. पण आता त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न येऊन बसला आहे: हे जंगल आपल्यासाठी नेमकं काय करतं, आणि ते गेलं तर काय जातं? एका बाजूला कर्नाळा, 1968 साली जाहीर झालेलं पक्षी अभयारण्य. दुसऱ्या बाजूला खाडीकाठची तिवरं. मधे द्रुतगती मार्ग, तळोज्याची एमआयडीसी, कळंबोलीचा लोखंड बाजार आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालेला विमानतळ, ज्याच्यासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला. इतकी उलथापालथ जिथे होते तिथे ‘एक झाड तोडलं तर त्याबदली अमुक झाडं लावू’ हे वाक्य वारंवार कानावर येतं. आज त्या वाक्याची तपासणी करू.

आपल्या राज्याने वृक्षलागवडीचे मोठे संकल्प केले. 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं. ते कितपत पार पडलं, या वादात मी शिरत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की हे सगळे आकडे रोपांचे आहेत. हवेतल्या कार्बनचा हिशेब रोपांच्या संख्येतून निघत नाही. तो निघतो वाढीतून, मरतुकीतून, मातीतून आणि काळातून.

आधी हवेकडे बघू. 1958 साली चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर कार्बन डायऑक्साइडची सलग मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे 315 भाग होता. 2024 ची सरासरी 424 च्या पुढे गेली. कीलिंगच्या आलेखात दुसरीही एक गोष्ट दिसते: रेघ दर वर्षी वर चढते, पण चढताना वर्षातून एकदा खालीही येते. उत्तर गोलार्धातल्या झाडांना पालवी फुटते, ती कार्बन ओढून घेतात, आणि आकडा काही महिन्यांपुरता उतरतो. साऱ्या पृथ्वीवरच्या झाडोऱ्याचा श्वास त्या रेघेत दिसतो. मात्र त्यात कर्नाळ्याचा वाटा किती आणि फिनलंडचा किती, हे त्या डोंगरावरून कळत नाही. त्यासाठी जंगलातच जावं लागतं.

जंगलात जाऊन मोजायचे दोन मार्ग आहेत. पहिला जुना, आपल्या वनरक्षकांना पाठ असलेला. झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर टेपने मोजायचा, उंची काढायची, जातीनुसार ठरलेल्या सूत्रातून लाकडाचं वजन काढायचं. सुक्या लाकडात साधारण 47 टक्के कार्बन धरतात. यातून साठा कळतो. पाच वर्षांनी पुन्हा मोजलं की साठ्यातली वाढ कळते. मार्ग भरवशाचा आहे, स्वस्त आहे, पण त्याला जमिनीखालचं फारसं दिसत नाही, आणि हा महिना चांगला गेला की वाईट, हेही सांगता येत नाही.

दुसरा मार्ग ओघ मोजण्याचा. जंगलाच्या शेंड्यांपेक्षा उंच असा लोखंडी मनोरा उभारायचा आणि त्यावर दोन उपकरणं बसवायची. एक आवाजाच्या लहरींनी वाऱ्याचा वेग मोजतं, तिन्ही दिशांना, सेकंदाला दहा ते वीस वेळा. दुसरं अवरक्त किरणांनी त्याच क्षणी त्याच जागी हवेत कार्बन डायऑक्साइड किती आहे ते सांगतं. वारा आपल्याला आडवा वाहताना जाणवतो, पण त्यात लहानमोठे भोवरे असतात. प्रत्येक भोवरा थोडी हवा वर नेतो, थोडी खाली आणतो. पनवेलच्या एसटी स्टँडवर फाटकाशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीतली आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीतली माणसं मोजली, तर आतल्या गर्दीत न शिरताही स्टँडवर माणसं वाढली की घटली हे सांगता येईल. मनोरा हेच करतो. खाली येणाऱ्या झुळकीत कार्बन जास्त आणि वर जाणाऱ्या झुळकीत कमी असेल, तर फरक जंगलाने ठेवून घेतला. रात्री उलट होतं. दर अर्ध्या तासाची सरासरी काढत वर्षभर मोजणी चालते.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात तीन अडचणी आहेत आणि तिन्ही आपल्याकडे हमखास येतील. पहिली रात्रीची. रात्री वारा पडला की झाडांनी आणि मातीने सोडलेला वायू खालीच साचतो, उतार असेल तर घरंगळत निघून जातो आणि मनोऱ्याला दिसतच नाही. अशा रात्रींची मोजणी गाळून त्या जागी गणिताने अंदाज भरावा लागतो. न गाळता ठेवली तर जंगल आहे त्यापेक्षा उदार दिसतं. दुसरी अडचण जागेची. मनोऱ्याला वाऱ्याच्या दिशेने दिसणारा पट्टा उपकरणाच्या उंचीच्या सुमारे शंभर पट लांब असू शकतो. उपकरण झाडांच्या वर दहा मीटर असेल तर किलोमीटरभर सारखं, सपाट जंगल हवं. कर्नाळ्यात मनोरा लावला तर अभयारण्यातूनच जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावरचे ट्रकही मोजणीत येतील. तिसरी पावसाची. मृगापासून हस्तापर्यंत कोकणात जे कोसळतं त्यात उघड्या भिंगावर थेंब बसून उपकरण आंधळं होतं. म्हणजे जंगल सगळ्यात हिरवं असतं तेव्हाच नोंदी सगळ्यात फाटक्या.

म्हणूनच ही मोजणी जिथे फार बारकाईने झाली त्या जागांत पाइनच्या लागवडी पुढे आहेत. एकाच वयाची, एकाच जातीची, पुष्कळदा सपाट जमिनीवरची झाडं; उपकरणाला याहून सोयीचं जंगल नाही. त्या लागवडींनी जे शिकवलं ते सागाच्या रोपवनालाही लागू पडतं, म्हणून थोडं तिकडे जाऊन येऊ.

फिनलंडमध्ये ह्युटिआला इथे 1962 साली पेरलेलं पाइनचं बन आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून तिथे मनोरा सतत मोजतो आहे. वर्षाकाठी चौरस मीटरमागे दोनशे ग्रॅमच्या आसपास किंवा थोडा जास्त कार्बन ते बन राखून ठेवतं. 2002 साली तिथल्या एका भागात विरळणी केली, म्हणजे काही झाडं काढून उरलेल्यांना मोकळीक दिली. अपेक्षा अशी की जंगलाची कमाई लगेच घटेल. ती फारशी घटली नाही. उरलेल्या झाडांना आणि खालच्या झुडपांना उजेड मिळाला, त्यांनी भरपाई केली. नेमकी विरळणी म्हणजे नुकसान नव्हे, हे तिथे आकड्यांनी सिद्ध झालं.

आता अमेरिकेत फ्लोरिडाच्या उत्तर भागात, गेन्सव्हिलजवळ जाऊ. तिथे कागदासाठी आणि लाकडासाठी स्लॅश पाइनची लागवड होते आणि वीस-पंचवीस वर्षांनी सगळं बन एकदम तोडतात. तिथल्या अभ्यासकांनी तीन वयांची बनं एकाच वेळी मोजली. मधल्या वयाच्या आणि तोडीला आलेल्या बनांनी वर्षाला चौरस मीटरमागे सहाशे-सातशे ग्रॅम कार्बन आत घेतला. ह्युटिआलाच्या तिप्पट. पण नुकत्याच तोडलेल्या जागेतून पहिल्या वर्षी हजार ग्रॅमहून अधिक बाहेर पडला आणि दुसऱ्या वर्षीही गळती चालूच राहिली. तिथे नवी रोपं नव्हती असं नाही. पण मातीत उरलेली मुळं, फांद्या, काटक्या कुजत होत्या, आणि त्या कुजण्यापुढे रोपांची कमाई किरकोळ होती. म्हणजे नव्या लागवडीची पहिली काही वर्षं तोट्याची असतात. रोप लावल्याचा फोटो काढतो त्या दिवशी ती जागा हवेतून कार्बन घेत नसते, बहुधा देत असते.

मग कोणी विचारेल, हवेत कार्बन वाढला म्हणजे झाडांना खाद्यच वाढलं, ती जास्त जोमाने वाढणार नाहीत का? हेही पाइनवरच करून पाहिलं आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या जंगलात 1996 ते 2010 अशी चौदा वर्षं लॉबलॉली पाइनच्या लागवडीला नळ्यांमधून जादा कार्बन डायऑक्साइड देत राहिले. झाडं वाढली हे खरं, पण जिथे नत्र आणि पाणी पुरेसं होतं तिथेच ती नीट वाढली. निकस जमिनीत फायदा थोडा. वरकस जमिनीवर शेती करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटू नये.

भारतातही हे काम चालू आहे, आणि त्यात पुण्याचा मोठा हात आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘मेटफ्लक्स इंडिया’ या प्रकल्पाखाली काझीरंगा, तमिळनाडूतलं पिचावरम आणि अल्मोड्याजवळचं कोसी-कटारमलचं चीडबन अशा ठिकाणी मनोऱ्यांवरून मोजणी केली. चीड म्हणजे हिमालयातला पाइन. इस्रोच्या संस्थांनीही मनोरे उभारले: हल्द्वानीजवळच्या मिश्र लागवडीत, बैतूलच्या सागाच्या पानझडी जंगलात, सुंदरबनात. बैतूल म्हणजे मेळघाटाचा शेजार. तिथलं सागवान आपल्या ओळखीचं.

काझीरंग्याच्या नोंदींनी एक समजूत मोडली. पाऊस आला की जंगलाची कमाई वाढते असं आपण धरून चालतो. तिथे सर्वांत जास्त कार्बन आत गेला तो मार्च ते मे या पावसापूर्वीच्या काळात. पावसाळ्यात ढगांनी ऊन अडवलं आणि कमाई उतरली. पनवेलच्या सागाचं वेळापत्रक याहून वेगळं. तो फेब्रुवारी-मार्चपासून पानं टाकतो, मे अखेर उघडाबोडका असतो, पाऊस पडला की हिरवा होतो. म्हणजे ऊन असतं तेव्हा पान नाही, पान येतं तेव्हा ऊन नाही. त्याचा खरा हंगाम पाऊस ओसरल्यावर, ओल आणि ऊन दोन्ही असतात तेव्हाचा, असा अंदाज बांधता येतो. अंदाज अशासाठी म्हणतो, की बैतूलचा पाऊस निराळा आणि इथला निराळा. एका जागेचा आकडा उचलून दुसऱ्या जागेला चिकटवू नये, हा या शास्त्राचा पहिला धडा.

आणि पानगळ झाल्यावर त्या पानांचं काय होतं? जमिनीवर कुजली तर काही कार्बन मातीत मुरतो. वणवा लागला तर एका संध्याकाळी सगळा वर जातो. भाताच्या राबासाठी पालापाचोळा जाळला तर तोही जातो, पण त्यातून घरात भात येतो. वणवा आणि राब यांना एकाच तराजूत घालणारा हिशेब मला मान्य नाही. मोजणी चोख हवी, निवाडा माणसाकडे बघून हवा.

आता खाडीकडे वळतो, कारण पनवेलचा मोठा ठेवा तिथे आहे. सुंदरबनात 2012-13 मध्ये वर्षभर झालेल्या मोजणीत असं आढळलं की खारफुटीने चौरस मीटरमागे सुमारे 1271 ग्रॅम कार्बन आत घेतला आणि सुमारे 1022 ग्रॅम श्वासोच्छ्वासावाटे परत सोडला. शिल्लक राहिली 249 ग्रॅम. पाचातले चार भाग परत गेले! जंगल ‘शोषून घेतं’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा या परतीच्या चार भागांचा आपल्याला विसर पडलेला असतो. शिवाय भरती-ओहोटीच्या पाण्यातून जो कार्बन समुद्रात जातो तो मनोऱ्याला दिसत नाही, तो वेगळा मोजावा लागतो.

ही शिल्लक हेक्टरी अडीच टन कार्बन होते, म्हणजे सुमारे नऊ टन कार्बन डायऑक्साइड. एक लिटर डिझेल जळलं की पावणेतीन किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हेक्टरभर खारफुटीची वर्षाची कमाई सुमारे 3,400 लिटर डिझेलाइतकी. लिटरला चार किलोमीटर देणारा एखादा ट्रक कळंबोलीतून रोज पुण्यापर्यंतची एक खेप मारत असेल, तर सुमारे चार महिन्यांत ती कमाई फस्त. कळंबोलीत ट्रक किती उभे असतात ते तुम्हाला माहीत आहे. झाडं लावून धूर फेडता येईल, ही आशा इथे बाजूला ठेवावी.

मग खारफुटी राखायची कशाला? तर तिच्या वर्षाच्या कमाईसाठी नाही, तिच्या साठ्यासाठी. 2011 साली हिंद-प्रशांत भागातल्या खारफुटींचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हेक्टरी सरासरी हजार टनांच्या वर कार्बन आढळला आणि त्यातला बहुतेक चिखलात होता. पाण्याखालच्या त्या चिखलात प्राणवायू पोचत नाही, म्हणून मुळं आणि पानं शतकानुशतकं न कुजता साठत जातात. तो चिखल उपसला, भराव घालून सुकवला, की हवा लागते आणि कुजणं सुरू होतं. हजार टनांतला चौथा हिस्सा जरी सुटला तरी तो अडीचशे टन होतो, म्हणजे वर्षाला अडीच टनांच्या हिशेबाने शंभर वर्षांची कमाई. पनवेल खाडीतल्या चिखलाचा आकडा याहून कमी निघेल कदाचित. पण तो काढल्याशिवाय भराव टाकणं म्हणजे तिजोरी न उघडताच ती भंगारात विकणं. निवटे आणि जिताडा कुठे गेले, हे खाडीवर पोट असलेल्या कोळी-आगरी माणसाला विचारायचं. कार्बन कुठे गेला, हे कोणाला विचारणार?

खारफुटीच्या बाबतीत राज्याने काही चांगली पावलं टाकली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये खारफुटीच्या तोडीला आणि तिच्यावरच्या भरावाला चाप लावला, 2018 च्या निकालात तो पक्का केला. 2012 मध्ये वनविभागात कांदळवन कक्ष उभा राहिला. 2020 मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. संरक्षण आहे, पण सार्वजनिक प्रकल्पासाठी परवानगी मागता येते, आणि ती मिळताना बदल्यात दुसरीकडे लागवड, हाच तोडगा पुढे येतो.

इथे माझं म्हणणं स्पष्ट आहे. एका जागचा जुना चिखल आणि दुसऱ्या जागची नवी रोपं यांची अदलाबदल कार्बनच्या हिशेबात बसत नाही. फ्लोरिडाच्या बनांनी दाखवलं की नवी लागवड सुरुवातीला देणेकरी असते. सुंदरबनाने दाखवलं की वाढलेल्या जंगलाचीही शिल्लक थोडी असते. ज्याला जमायला शतकं लागली ते पाच पावसाळ्यांत फिटत नाही. म्हणून क्रम असा हवा: आधी जे उभं आहे ते राखणं, मग जे वाढतं आहे त्याची नीट निगा, आणि शेवटी नवी लागवड. आपल्याकडे बहुधा उलट्या क्रमाने चालतं, कारण नव्या लागवडीला समारंभ करता येतो.

याचा अर्थ लागवड करू नये असा कोणी काढू नये. सागाचा खांब घराला लागला तर त्यातला कार्बन शंभर वर्षं घरात राहतो. कागदाचा लगदा झाला तर थोड्या वर्षांत हवेत जातो. लागवड कुठे, कशाची आणि लाकडाचं पुढे काय, यावर सगळं ठरतं. पॅरिस कराराच्या वेळी भारताने 2030 पर्यंत जंगल आणि झाडांच्या आच्छादनातून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा साठा उभा करण्याचं जाहीर केलं. हे वचन मोजून दाखवावं लागणार आहे. उद्या कार्बनच्या नावाने पैसा येईल, तेव्हा चुकीच्या आकड्यांचा फायदा कोणाला आणि तोटा कोणाला, हेही बघावं लागेल.

मनोरा महाग असतो आणि आपल्या चढउताराच्या जमिनीत तो नीट चालेलच असं नाही. पण टेप स्वस्त आहे. म्हणून शेवटी तीन मागण्या ठेवतो, तिन्ही पनवेलच्या आवाक्यातल्या.

महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्याने दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची आहे. पनवेल महानगरपालिकेच्या गणनेत प्रत्येक झाडाचा घेर असावा, आणि मागच्या गणनेतला घेर त्याच्या शेजारी छापलेला असावा. वाढ किती आणि मेली किती, हे नागरिकाला एका ओळीत दिसलं पाहिजे.

दुसरी मागणी महाविद्यालयांकडे. कर्नाळ्याच्या परिसरात आणि खाडीकाठी, वनविभागाची परवानगी घेऊन, प्रत्येकी काही कायमच्या चौकटी आखा. दर वर्षी त्याच महिन्यात तीच झाडं मोजा. मुलं बदलतील, चौकटी बदलू नयेत. वीस वर्षांची अशी वही कोणत्याही मोठ्या संस्थेलाही हेवा वाटावी अशी असेल.

तिसरी मागणी ज्यांच्या हाती परवानगीची सही आहे त्यांच्याकडे. खारफुटीला हात लावणाऱ्या कोणत्याही प्रकल्पाच्या कागदपत्रांत तिथल्या चिखलातल्या कार्बनची मोजणी जोडलेली असावी, आणि बदली लागवडीचा अहवाल लावलेल्या रोपांचा नको, पाच वर्षांनी जगलेल्या झाडांचा हवा.

पुढच्या वेळी व्यासपीठावरून कोणी सांगेल की आम्ही इतकी लाख झाडं लावली, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. मग हात वर करून विचारा: त्यातली जगली किती, आणि त्यांच्या बदल्यात तोडलं काय?